बाळाची नोंद बाळाबरोबर जायला हवी

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

डिजिटल आरोग्यावर आपल्या दैनिकात अधूनमधून लेख येतात. त्यांत मोठी रुग्णालयं, विमा, आभा क्रमांक (आरोग्य नोंदींसाठीचा सरकारी ओळख क्रमांक) यांची चर्चा असते. लहान मुलांच्या दवाखान्यातला संगणक मात्र त्यात कुठे दिसत नाही. मी कऱ्हाडला एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. बाळाला काट्यावर ठेवणं, लांबी आणि डोक्याचा घेर मोजणं, लस देणं, तिचा बॅच नंबर लिहिणं आणि हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये भरणं हे माझं काम. डॉक्टर ज्या आकड्यांवर औषध ठरवतात ते आधी माझ्या हातून गेलेले असतात, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आमच्या भागात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सासर कऱ्हाडचं आणि माहेर विट्याचं किंवा पंढरपूरचं असलं, की बाळाचा जन्म तिकडे, जन्मल्यावरची बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस तिकडे, दीड महिन्याचं आणि अडीच महिन्याचं इंजेक्शनही बहुतेक तिकडेच. बारसं होतं, मग तीन-चार महिन्यांनी आई बाळाला घेऊन सासरी येते आणि तेव्हा ते आमच्या टेबलाशी पहिल्यांदा पोचतं. तोवर त्याच्या नोंदी तीन ठिकाणी पडलेल्या असतात. प्रसूतिगृहाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं माहेरचं नाव. उपकेंद्रातून मिळालेल्या माता-बाल संरक्षण कार्डावर आईचं सासरचं नाव. मधल्या काळात सर्दीसाठी दाखवलेल्या खासगी दवाखान्याच्या फाइलवर आजोबांचा फोन नंबर आणि बाळाचं घरातलं लाडाचं नाव. हे तिघे एकच आहेत हे फक्त आईला माहीत. आजी पिशवीतून कागद काढत जाते आणि मी ते एकापुढे एक मांडून जन्मतारखेवरून जुळवत बसते. बाहेर रांग वाढत असते.

हे काम संगणकाने सोपं करायला हवं होतं. आमच्याकडे पहिल्यांदा जे सॉफ्टवेअर बसवलं त्याने ते अवघड केलं. ते सर्वसाधारण दवाखान्यांसाठी बनवलेलं होतं आणि बालरोगतज्ज्ञांनाही तेच विकलं होतं. वयाच्या रकान्यात फक्त वर्षं भरता येत. वीस दिवसांचं बाळ आणि अकरा महिन्यांचं बाळ, दोघंही पडद्यावर शून्य वर्षांची. अंगात ताप असेल तर यातल्या पहिल्याला त्याच क्षणी आत न्यायचं असतं, दाखल करायची तयारी ठेवायची असते. दुसरं हसत-खेळत असेल तर बऱ्याचदा तपासून घरी जातं. पडद्यावर या दोघांत फरकच नाही. नाव भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे, आणि बारशाआधीच्या बाळाला नाव कुठून असणार? एका मोबाइल नंबरावर एकच रुग्ण चाले. थोरल्या बहिणीची फाइल त्या नंबरावर असली की धाकट्या भावाची उघडत नसे. जुळ्यांच्या आई-वडिलांकडे तर आम्ही शेजाऱ्यांचा नंबर मागत होतो. भरायलाच हवेत अशा रकान्यांत रक्तदाब, साखर आणि तंबाखूचं व्यसन होतं. जन्माचं वजन आणि किती आठवड्यांचं बाळंतपण, यांना जागाच नव्हती.

याचा खरा धोका बारशानंतर येतो. बाळाचं नाव ठेवलं गेलं की काउंटरवरची मुलगी नव्या नावाने शोधते, फाइल सापडत नाही, ती नवीन उघडते. आता एकाच बाळाच्या दोन फाइली झाल्या. जुनीत दोन डोस आहेत, नवी कोरी आहे. पुढच्या महिन्यात जी कोणी कोरी फाइल उघडेल तिला वाटेल की या बाळाला काहीच दिलेलं नाही. लहान मुलांच्या दवाखान्यात नाव बदलणं हा रोजचा प्रकार आहे. म्हणून फाइल नावावर उभी न करता जन्मतारीख, जन्मवेळ, आईचं नाव आणि जुळ्यांपैकी कितवं, यांवर उभी करायला हवी. हे सांगायला मोठ्या तज्ज्ञाची गरज नाही. कोणत्याही बालरोग दवाखान्याच्या काउंटरवर एक सकाळ उभं राहिलं की कळतं. पण सॉफ्टवेअर बनवणारे तिथे उभे राहत नाहीत, ते डॉक्टरांच्या खोलीत बसून दहा मिनिटं डेमो दाखवून जातात.

औषधाच्या मात्रेचं सांगते. मोठ्या माणसाला एक गोळी म्हणजे एक गोळी. लहान मुलाचं सगळं वजनावर. तापाचं पॅरासिटामॉल किलोमागे साधारण 10 ते 15 मिलिग्रॅम एका वेळी. दहा किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम द्यायचं ठरलं, तर 5 मिलीत 125 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे 6 मिली होतात, 5 मिलीत 250 असलेल्याचे 3 मिली आणि मिलीमागे 100 असलेल्या ड्रॉप्सचे दीड मिली. तिन्ही बाटल्यांवर एकाच कंपनीचं, एकच नाव असू शकतं. औषध दुकानात एक संपलेलं असलं की दुसरं मिळतं, आणि आई सवयीने 6 मिलीच भरते. ड्रॉप्स 6 मिली म्हणजे चौपट मात्रा. चांगलं सॉफ्टवेअर वजन विचारल्याशिवाय सिरप लिहूच देत नाही, बाटलीची ताकद निवडायला लावतं आणि छापील कागदावर किती मिली ते मराठीत, मोठ्या अक्षरात देतं. आमच्याकडे आता असंच आहे आणि याचा उपयोग मी रोज बघते. त्या कागदावर बाटलीची ताकद ठळक असते, त्यामुळे दुकानदाराने वेगळी बाटली दिली तर निदान अर्ध्या आया विचारायला फोन करतात.

पण त्याच सॉफ्टवेअरने वजनाचा आकडाही तपासायला हवा. 8.4 च्या जागी 84 पडलं, तर आठ महिन्यांचं बाळ चौऱ्याऐंशी किलोचं नसतं हे यंत्राला कळायला हवं. मागच्या महिन्यात 7.9 होतं आणि आज 6.2 आलं, तर एकतर काटा चुकला आहे किंवा बाळ आजारी आहे, दोन्ही बाबतींत थांबून बघायला हवं. कित्येक प्रणालींत हा साधा अडसर नाही.

आता वाढीच्या आलेखाकडे येते, कारण माझ्या मते बालरोगतज्ज्ञांच्या फाइलचा प्राण तिथे आहे. पाच वर्षांपर्यंत आपण जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे आलेख वापरतो. ते सहा देशांतल्या मुलांवरून केले, त्यात आपली दिल्लीही होती. पाच ते अठरा वर्षांसाठी आयएपीचे, म्हणजे आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, 2015 चे आलेख आहेत. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांचे सहकारी पुढे होते. एका भेटीतल्या वजनाला फारसा अर्थ नसतो. अर्थ असतो तो एकामागून एक ठिपक्यांना. मूल आपल्या रेषेवरून चालत असेल तर बारीक दिसलं तरी आम्ही आईला धीर देतो. ते रेषा ओलांडून खाली यायला लागलं, की दिसायला गुटगुटीत असलं तरी डॉक्टर प्रश्न विचारायला लागतात. दूध किती, जुलाब होतात का, लघवी तपासली का, घरात कुणाला क्षय आहे का.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आणखी वेगळं. बत्तीस आठवड्यांना जन्मलेलं बाळ आज चार महिन्यांचं असेल, तर वाढ बघताना ते दोन महिन्यांचं धरायचं, आणि हा हिशेब साधारण दोन वर्षांपर्यंत ठेवायचा. लस मात्र जन्मतारखेवरूनच, चार महिन्यांचं समजून द्यायची. म्हणजे एकाच बाळाची दोन वयं एकाच पानावर हवीत. आमच्या जुन्या प्रणालीत एकच होतं. आलेखावर ते बाळ सगळ्यांत खालच्या रेषेच्याही खाली दिसे आणि आई पडद्याकडे बघून रडायला लागे. बाळ छान वाढत होतं. यंत्राला मोजता येत नव्हतं, एवढंच.

ते सॉफ्टवेअर आमच्या डॉक्टरांनी बदललं. तेव्हा जे झालं ते मला सगळ्यांत जास्त लागलं. जुन्या कंपनीकडे मुलांच्या नोंदी मागितल्या. आधी उत्तर नाही. मग वेगळे पैसे सांगितले. पैसे भरल्यावर जे आलं ते पानांची छायाचित्रं होती, आकडे नव्हते. वजन 9.1 असं चित्रात दिसतं, पण नवीन आलेखावर ते चढत नाही. हजारो मुलांच्या वाढीची रेषा त्या दिवशी मधूनच सुरू झाली. ज्यांना नियमित दाखवायला आणतात त्यांची वजनं मी आणि माझ्या सहकारी मुलीने संध्याकाळी थांबून हाताने भरली. दम्याची, झटक्यांची, हृदयाला छिद्र असलेली मुलं आधी घेतली. बाकीच्यांची राहिली ती राहिली.

त्या नोंदी कुणाच्या होत्या? कंपनीच्या नक्कीच नाहीत. डॉक्टरांच्याही पूर्णपणे नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या मुलाच्या आहेत, आणि मूल जिथे जाईल तिथे, जसंच्या तसं वाचता येईल अशा रूपात, त्या जायला हव्यात.

नियमांत हे नाही असं नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीत रुग्णाने नोंदी मागितल्या तर 72 तासांत द्याव्यात असं आहे, आणि नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा असंही तेव्हाच लिहिलेलं आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदी कशा ठेवाव्यात याची मानकं केंद्राने 2013 मध्ये काढली, 2016 मध्ये सुधारली. 27 सप्टेंबर 2021 ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, 14 अंकी आभा क्रमांक आला, एका प्रणालीतली नोंद दुसरीला वाचता यावी यासाठी एफएचआयआर नावाचा ठरलेला साचाही आहे. पण 2002 च्या नियमात नोंदी जपण्याची मुदत दाखल रुग्णांसाठी तीन वर्षं आहे. तीन वर्षांत मूल बालवाडीतही जात नाही. डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या लसीचा) दुसरा बूस्टर पाच-सहाव्या वर्षी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) दहाव्या आणि सोळाव्या वर्षी. मोठ्या माणसांच्या आजाराला पुरेल अशी मुदत बालपणाला पुरत नाही.

दर उन्हाळ्यात आमच्याकडे उंच वाढलेली मुलं-मुली येतात, अमेरिकेला शिकायला चाललेली. तिकडची विद्यापीठं एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीच्या) दोन डोसांच्या तारखा मागतात. आई सांगते, सगळं तुमच्याकडेच दिलंय. ते खरंही असतं. डॉक्टरांनी जुनी लसीकरणाची रजिस्टरं टाकून दिलेली नाहीत, त्यामुळे पिवळ्या पडलेल्या पानांतून मी तारखा शोधून देते. जिथे तशी रजिस्टरं नाहीत तिथल्या मुलांना रक्त तपासून घ्यावं लागतं किंवा डोस पुन्हा घ्यावे लागतात. संगणक आल्यावर हे सोपं व्हायला हवं, पण दहा वर्षांपूर्वीची कंपनीच राहिली नसेल तर रजिस्टरपेक्षाही वाईट अवस्था होईल.

आणि ज्यांच्याकडे रजिस्टरही नाही, कार्डही नाही, अशी मुलं दिवाळीनंतर येतात. बीड, धाराशिव, जालन्याकडच्या टोळ्या आमच्या कारखान्यांना ऊस तोडायला येतात. कोयता म्हणजे जोडपं, आणि त्यांच्याबरोबर कडेवरचं मूल. गाळप हंगाम संपेपर्यंत ते कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहतं. ताप-खोकल्याने बेजार झालं, की मुकादम गाडीवर बसवून आमच्याकडे आणतो. लसीचं कार्ड विचारलं तर गावाकडे पेटीत, किंवा कोपीत भिजून गेलेलं. आई सांगते, दोनदा मांडीत टोचलं होतं. कोणतं, कधी, माहीत नाही. शासनाचं यू-विन हे लसनोंदणीचं पोर्टल याच मुलांसाठी उपयोगाचं आहे, कुठेही लस घ्या, नोंद एकच. पण शोधायला मोबाइल नंबर लागतो आणि तो बहुतेक वेळा गावी राहिलेल्या आजोबांचा असतो. तो लागला, की पडद्यावर तारखा येतात आणि मग काम सरळ होतं, कारण पेंटाचा (पाच आजारांवरच्या एकत्र लसीचा) डोस राहिला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेले तेवढे पुढे द्यायचे असतात. नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस चुकला असेल तर तो लगेच द्यायला हवा, कारण कोप्यांच्या वस्तीत एका मुलाला गोवर आला की थांबत नाही.

इथे खासगी दवाखान्यांचा वाटा आहे. आमच्यासारख्या ठिकाणी दिलेला डोस आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पडतो आणि तिथेच राहतो. यू-विनवर तो पुन्हा वेगळा भरावा लागतो. संध्याकाळच्या गर्दीत दोनदा भरायला माणूस नसतो, मग ते राहून जातं, आणि आशाताईंच्या यादीत ते मूल ‘डोस बाकी’ म्हणून दिसतं. त्या उन्हातान्हात घरी जातात, आई म्हणते दिलाय, कागद सापडत नाही. एकदा भरलेली नोंद दोन्हीकडे जावी, एवढी सोय करायला सॉफ्टवेअर कंपन्यांना आणि आरोग्य विभागाला कशाची अडचण आहे? त्या नोंदीत लसीचं नुसतं नाव न ठेवता नेमकं कोणतं उत्पादन ते हवं. डीपीटीच्या लसीचे दोन प्रकार मिळतात, आणि आया आम्हाला ‘दुखणारं दिलं होतं की न दुखणारं’ हे सांगतात, त्यांना तेवढंच आठवतं. बॅच नंबर तर हवाच. एखाद्या बॅचबद्दल उद्या सूचना आली, तर ती कुणाकुणाला दिली हे दोन मिनिटांत सांगता यायला हवं.

आठवणीच्या संदेशाबद्दलही लिहिते. आमच्या प्रणालीतून आई-वडिलांना लसीची आठवण इंग्रजीत जाते. मराठीत पाठवा म्हटलं तर कंपनी म्हणते महाग पडेल, आणि ते खोटं नाही: रोमन अक्षरांच्या एका संदेशात 160 अक्षरं मावतात, देवनागरीच्या एका संदेशात 70. पण ‘उद्या बाळाच्या लसीचा दिवस. कार्ड आणा.’ हे सत्तरच्या आत बसतं. तेवढंच हवं असतं. इंग्रजी संदेश बँकेच्या जाहिरातींत हरवतो आणि नऊ महिन्यांचा डोस बारा महिन्यांवर जातो.

मुलांच्या खासगीपणाचाही विचार व्हायला हवा. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे आणि पालकांच्या संमतीचं बंधन घातलं आहे. कायदा दवाखान्यात नेमका कसा लावायचा ते वकील सांगतील. पण जिथे डॉक्टर, परिचारिका आणि काउंटरवरची मुलगी असे सगळे एकाच पासवर्डने उघडतात, आणि केसपेपरचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतात, तिथे आधी प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्यायला हवं. विभक्त झालेल्या आई-वडिलांपैकी नोंद कुणी मागितली, कुणाला दिली, हे लिहिलेलं राहायला हवं. चौदा वर्षांची मुलगी पाळीच्या तक्रारीसाठी आली, तर ते पान काउंटरवर उघडू नये.

आपल्या दैनिकामार्फत मला आयएपीच्या शाखांना विनंती करायची आहे. सॉफ्टवेअर घेताना डॉक्टर मंडळी किंमत बघतात, पडदा किती सुटसुटीत ते बघतात. त्याबरोबर करारात एक अट घाला: सोडताना सगळ्या मुलांची वजनं, उंची, लसी, तारखा, आकड्यांच्या रूपात, जादा पैसे न घेता परत मिळतील. एकट्या डॉक्टरने मागितली तर कंपनी ऐकणार नाही, जिल्ह्यातल्या सगळ्यांनी मागितली तर ऐकावंच लागेल. आणि दर भेटीला पालकांच्या हातात मराठीत छापलेलं एक पान द्या, त्यावर जन्माचं वजन, किती आठवड्यांचं बाळ, आजवरच्या लसी तारखांसह, कशाची अॅलर्जी, आणि आजचं वजन. वीज गेली, इंटरनेट गेलं, बाळ माहेरी गेलं, तरी ते पान चालतं.

जिल्हा आरोग्य विभागाने गाळप हंगामाआधी कारखान्यांच्या हद्दीतल्या खासगी बालरोगतज्ज्ञांना बोलावून यू-विनवर नोंद करायला शिकवावं. त्या दिवशी डॉक्टरांबरोबर परिचारिकांनाही बोलवा, कारण भरायचं काम आम्ही करतो. आमच्या दवाखान्यातून मी येईन, आणि टोळ्यांतल्या मुलांची आमच्याकडची यादीही घेऊन येईन.

आपली,
बालरोग दवाखान्यातील एक परिचारिका
कऱ्हाड, जि. सातारा